प्राध्यापकी नाकारून चित्रकार झालेला माणूस : वासिली कांडिन्स्की



आपल्याकडे इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेचा निकाल लागला की शाळेत एक ठरलेलं दृश्य दिसतं. मूल आनंदाने श्रेणी सांगत येतं आणि पालक विचारतात, सर, दहावीला याचे वाढीव गुण किती मिळतील? प्रश्न चुकीचा नाही. पण त्या मुलाने पुढे जाऊन चित्रकलेतच करिअर करायचं म्हटलं, तर तेच पालक दुसऱ्या दिवशी काळजीने शाळेत येतात. आधी डिग्री घेऊ दे, नोकरी लागू दे, चित्रं काय रविवारी पण काढता येतात, असं त्यांचं म्हणणं असतं. खरं सांगायचं तर आपण शिक्षकही मनातल्या मनात तेच म्हणत असतो.

अशाच एका चर्चेनंतर मला वासिली कांडिन्स्की आठवला. त्याने आधी डिग्री घेतली होती. नोकरीही होती. चित्रं तो रविवारीच काढायचा. आणि तिशीच्या उंबरठ्यावर त्याने ते सगळं बाजूला ठेवलं. आज अमूर्त चित्रकला म्हटलं की जगभर ज्यांची नावं सर्वांत आधी घेतली जातात, त्यात तो आहे. त्याची गोष्ट आज सांगतो. ती मुलांना सांगण्यासारखी आहेच, पण त्याआधी आपण मोठ्यांनी ऐकण्यासारखी आहे.

बालपण : एक रंगपेटी

कांडिन्स्कीचा जन्म डिसेंबर 1866 मध्ये मॉस्कोत झाला. वडील चहाचे व्यापारी. त्यांचं मूळ घराणं सैबेरियातलं, पार मंगोलियाच्या सीमेजवळच्या क्याख्ता गावचं. आई मॉस्कोची. वासिली साधारण पाच वर्षांचा असताना कुटुंब काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात राहायला आलं. त्यानंतर लवकरच आईवडील वेगळे झाले. मुलगा वडिलांकडे राहिला आणि त्याला वाढवलं ते मुख्यतः मावशीने. ही मावशी त्याला गोष्टी सांगायची. तिचे उपकार तो पुढे आयुष्यभर मानत राहिला.

घरात पैशाची चणचण नव्हती. मुलाला पियानो शिकवला, चेलो शिकवला, चित्रकलेच्या शिकवणीलाही घातलं. तेरा-चौदा वर्षांचा असताना वासिलीने हळूहळू साठवलेल्या पैशातून तैलरंगांची पेटी विकत घेतली. ट्यूब दाबली की जाड, ओला, चकचकीत रंग बाहेर येतो. ते बघताना त्याला वाटायचं, हा रंग म्हणजे जणू एखादा जिवंत प्राणीच आहे. कोणी गंभीर, कोणी खट्याळ, कोणी हट्टी. चाळिशी उलटल्यावर त्याने आठवणी लिहिल्या, तेव्हासुद्धा त्या पेटीचा आनंद त्याला जसाच्या तसा आठवत होता.

आपल्या वर्गातही असं एखादं मूल असतं. रंगकामाच्या तासाला बाकीच्यांचं चित्र पूर्ण होतं आणि हे मात्र ताटलीत दोन रंग मिसळून नुसतं बघत बसतं. आपण ओरडतो, अरे वेळ संपली! कांडिन्स्की तसलं मूल होता.

कायद्याचा हुशार विद्यार्थी

पण चित्रकलेवर पोट भरत नाही, हे रशियातल्या सुखवस्तू घरांतही मानलं जायचं. 1886 मध्ये वासिलीने मॉस्को विद्यापीठात कायदा आणि अर्थशास्त्राला प्रवेश घेतला. अभ्यास त्याने नाइलाजाने केला असं मुळीच नाही. विषय त्याला आवडत होता, तो हुशार होता आणि शिक्षकांचाही लाडका होता. कामगारांचं वेतन हा त्याच्या अभ्यासाचा विषय होता.

1889 मध्ये एक महत्त्वाची गोष्ट घडली. निसर्गविज्ञान आणि मानववंशशास्त्राच्या एका संस्थेने त्याला उत्तर रशियातल्या वोलोग्दा प्रांतात पाठवलं. तिथल्या खेड्यांतले शेतकरी आपसातले तंटे कसे सोडवतात, त्यांच्या रूढी काय, कोमी लोकांच्या जुन्या श्रद्धा काय, याची माहिती गोळा करायची होती. म्हणजे काम कायद्याचं आणि समाजशास्त्राचं. वासिली वह्या घेऊन निघाला.

तिथे तो एका लाकडी घरात शिरला आणि दारातच थबकला. भिंती, पलंग, कपाटं, टेबल, सगळ्यांवर मोठमोठी, भडक रंगांची नक्षी. कोपऱ्यात देवांच्या तसबिरी, त्यांच्यापुढे तांबडा दिवा. आपण चित्राच्या समोर नाही, चित्राच्या आतच उभे आहोत असं त्याला वाटलं. चित्र भिंतीवर टांगलेलं असतं आणि आपण ते लांबून बघतो, ही सवय त्या घरात मोडली. माहिती गोळा करून तो परत आला, त्यावर लेखही लिहिले. पण मनात राहिलं ते घर.

शिक्षण पूर्ण झालं. 1892 मध्ये नात्यातल्याच आन्ना चेम्याकिनाशी लग्न झालं. 1893 मध्ये विद्यापीठाच्या कायदा विभागात नेमणूक मिळाली. मॉस्कोतल्या एका छापखान्यात कलाविभागाचं कामही त्याने काही काळ पाहिलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, गाडी अगदी रुळावर आहे.

दोन धक्के

याच काळात त्याला दोन धक्के बसले. पहिला धक्का एका प्रदर्शनात. मॉस्कोत फ्रेंच चित्रकारांची चित्रं आली होती. त्यात क्लॉद मोने या चित्रकाराचं गवताच्या गंजीचं एक चित्र होतं. कांडिन्स्की समोर उभा राहिला आणि त्याला चित्रात काय आहे तेच कळेना. शेवटी माहितीपुस्तिका बघून कळलं की ही गवताची गंजी आहे. आधी त्याला रागच आला. एखादी वस्तू ओळखूच येणार नाही अशी रंगवायचा चित्रकाराला काय अधिकार? पण घरी आल्यावर ते चित्र डोळ्यांपुढून हलेना. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं की वस्तू ओळखू आली नाही, तरी चित्राने पकड घेतली ती घेतलीच. म्हणजे पकड घेणारं काहीतरी वेगळंच होतं. ते रंगच होते.

दुसरा धक्का संगीताचा. बोल्शोई नाट्यगृहात वाग्नरचा ‘लोहेनग्रिन’ हा ऑपेरा चालू होता. व्हायोलिनचे आणि फुंकवाद्यांचे सूर ऐकताना त्याला डोळ्यांपुढे रंग दिसू लागले, वेड्यावाकड्या रेषा धावू लागल्या. त्याला वाटलं, सूर कशाची नक्कल करत नाहीत. सनईचा सूर ऐकून आपण विचारत नाही की हा कोणत्या पक्ष्याचा आवाज आहे. तरी तो मनाला भिडतो. मग रंगानेच का बरं नेहमी झाड, घोडा नाहीतर माणूस व्हायचं?

हा प्रश्न त्याच्या मनात रुजला. उत्तर मिळायला मात्र पुढची जवळजवळ पंधरा वर्षं लागली. मुलांना गोष्ट सांगताना हा आकडा गाळू नका. साक्षात्कार एका रात्रीत झाला असं सांगितलं की मुलं चुकीचं शिकतात.

1896 : निर्णयाचं वर्ष

1896 मध्ये त्याला दोर्पात विद्यापीठात प्राध्यापकपद देऊ केलं गेलं. दोर्पात म्हणजे आजच्या एस्टोनियातलं तार्तू. त्या वयात असं पद मिळणं ही मोठीच गोष्ट. आता निर्णय टाळता येणार नव्हता. हो म्हटलं असतं तर आयुष्याची घडी बसली असती आणि चित्रं कायमची रविवारची राहिली असती.

कांडिन्स्कीने नकार कळवला. बायकोला घेऊन तो जर्मनीतल्या म्युनिक शहरात गेला आणि चित्रकला शिकायला लागला.

इथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात, नाहीतर आपण मुलांना आणि पालकांना फसवल्यासारखं होईल. पहिली गोष्ट, त्याच्या पाठीशी घरचा पैसा होता. उद्याच्या जेवणाची चिंता त्याला नव्हती. ज्या मुलाच्या घरी ती चिंता आहे, त्याला कांडिन्स्कीचं उदाहरण जसंच्या तसं देता येणार नाही. दुसरी गोष्ट त्याच्या वडिलांची. मुलगा शिकला, नोकरीला लागला, मोठं पद दारात आलं आणि त्याने ते परतवलं. कोणताही बाप चिडला असता. पण या चहाच्या व्यापाऱ्याने मुलाशी बोलणं तोडलं नाही. उलट पुढची कित्येक वर्षं त्याला पैसे पुरवले. कांडिन्स्कीने आठवणींमध्ये वडिलांच्या या धीराबद्दल फार कृतज्ञतेने लिहिलं आहे. मला विचाराल तर या गोष्टीतला अर्धा नायक हा बापच आहे.

तिशीतला पहिलीचा विद्यार्थी

म्युनिकमध्ये अंतोन आझ्बे नावाच्या चित्रकाराची खाजगी शाळा होती. तिथे कांडिन्स्कीने नाव घातलं. आजूबाजूला वयाने लहान, हात तयार असलेली मुलं. हा तिशीचा, कायदा शिकवून आलेला. मॉडेल समोर बसवून शरीररचनेचा अभ्यास करायचा, हात-पाय-स्नायू बिनचूक काढायचे. त्याला ते फार कंटाळवाणं वाटायचं. कधी कधी तो वर्ग चुकवून गावाबाहेर नाहीतर बागेत जाऊन रंगवत बसायचा. सोबतचे विद्यार्थी त्याला आळशी किंवा कमी अकलेचा समजायचे. त्याची रंगांची जाण चांगली आहे, चित्रण कच्चं आहे, असा शेरा ठरलेला.

मग त्याने म्युनिकच्या कला अकादमीत फ्रांत्स फॉन श्टुक या नामवंत चित्रकाराच्या वर्गासाठी प्रयत्न केला. प्रवेश मिळाला नाही. चित्रण सुधार, असं सांगून परत पाठवलं. वर्षभर तो एकट्याने घरी सराव करत राहिला. 1900 मध्ये परत गेला, तेव्हा प्रवेश मिळाला. श्टुकना त्याचे रंग फारच भडक वाटले, म्हणून त्यांनी त्याला काही काळ नुसत्या काळ्या-पांढऱ्या छटांत काम करायला लावलं. विचार करा, ज्याचं सगळं बळ रंगात, त्यालाच रंग बंद! पण तेही त्याने केलं, आणि त्याचा फायदा झाल्याचं नंतर मान्यही केलं.

रीतसर शिक्षण म्हणायचं तर ते एवढंच, तीन-चार वर्षांचं. ज्या अमूर्त चित्रकलेसाठी आज तो ओळखला जातो, ती शिकवणारी शाळा तेव्हा जगात कुठेच नव्हती. तो भाग त्याने स्वतःचा स्वतः शिकला. असं स्वतः शिकणं म्हणजे काय, हे पुढच्या दहा वर्षांत दिसतं.

दहा वर्षांचा स्वाध्याय

1901 मध्ये त्याने ‘फालांक्स’ नावाचा चित्रकारांचा गट काढला. गटाची एक शाळाही सुरू केली आणि तो स्वतः शिकवू लागला. त्या काळी म्युनिकच्या अकादमीत मुलींना प्रवेश नसे. या शाळेत मात्र मुली शिकू शकत होत्या. तिथेच गाब्रिएले म्युंटर ही विद्यार्थिनी आली. ती स्वतः उत्तम चित्रकार होती आणि पुढे बरीच वर्षं त्याची जोडीदार झाली. आन्नाशी त्याचा संसार तुटला. हे लपवायचं कारण नाही. मोठ्या कलावंतांच्या आयुष्यात कोणी ना कोणी दुखावलं गेलेलं असतं.

शाळा फार काळ चालली नाही, गटही बंद पडला. मग कांडिन्स्की आणि म्युंटर यांनी काही वर्षं फिरण्यात घालवली. ट्युनिशिया, इटली, पॅरिसजवळचं सेव्हर, बर्लिन. या काळात त्याने रंगवायच्या सुरीने छोटी छोटी निसर्गचित्रं केली, लाकडी ठशांची चित्रं छापली, रशियन लोककथांतले घोडेस्वार आणि राजकन्या रंगवल्या. विक्री मोठी नव्हती आणि नावही फारसं झालं नव्हतं. वय चाळीस. दोर्पातला गेला असता तर एव्हाना विभागप्रमुख झाला असता, असा विचार नातेवाइकांपैकी कोणाच्या तरी मनात नक्कीच आला असेल.

1908 मध्ये दोघं आल्प्सच्या पायथ्याशी मुर्नाउ या गावी गेले. पुढच्या वर्षी म्युंटरने तिथे घर घेतलं. गावात काचेच्या मागच्या बाजूने देवादिकांची चित्रं रंगवायची जुनी लोककला होती. साधी रूपं, जाड रेघा, शुद्ध रंग. कांडिन्स्कीला त्यात वोलोग्दाचं ते घर परत सापडलं असावं. त्याने घरातल्या जिन्यावर स्वतः फुलं आणि घोडेस्वार रंगवले. त्याच्या चित्रांतले डोंगर आता निळे, रस्ते गुलाबी, आभाळ पिवळं होऊ लागलं. वस्तू विरघळायला लागल्या होत्या.

याच वर्षांतला एक प्रसंग त्याने लिहून ठेवला आहे. संध्याकाळच्या अंधुक उजेडात तो बाहेरून काम करून स्टुडिओत आला. समोर एक विलक्षण सुंदर चित्र दिसलं. त्यात काय आहे ते कळत नव्हतं, नुसते रंग आणि आकार आतून उजळल्यासारखे दिसत होते. जवळ जाऊन पाहिलं तर ते त्याचंच चित्र होतं, भिंतीला आडवं टेकवून ठेवलेलं! दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात त्याने तोच परिणाम पुन्हा मिळवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. डोळे हट्टाने त्यातल्या वस्तू ओळखत राहिले. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्या चित्रांना वस्तूंची अडचण होते आहे.

पण वस्तू काढून टाकली तर तिच्या जागी काय ठेवायचं? हा प्रश्न त्याला खरोखर घाबरवत होता. नुसते रंग मांडले तर ते गालिच्यावरची नाहीतर गळपट्ट्यावरची नक्षी होऊन बसेल, ही भीती. म्हणून त्याने घाई केली नाही. एकेक वस्तू हळूहळू पुसट करत नेली. घोडेस्वाराची एक वाक राहिली, डोंगराचा त्रिकोण राहिला, होडीच्या वल्ह्यांच्या रेघा राहिल्या.

दार उघडलं

जानेवारी 1911 मध्ये त्याने म्युनिकमध्ये आर्नोल्ड शोनबर्ग या संगीतकाराची मैफल ऐकली. शोनबर्ग संगीतातले जुने नियम मोडत होता. कांडिन्स्कीने लगेच त्या मैफलीवर चित्र केलं. काळा मोठा आकार पियानोचा, आणि सगळीकडे भरून वाहणारा पिवळा. दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. आपण एकटे नाही, दुसऱ्या कलेतही कोणीतरी हीच वाट शोधतो आहे, हे कळणं त्याच्यासाठी मोठं होतं.

त्याच वर्षाअखेर तो ज्या चित्रकार संघाचा संस्थापक होता, त्याच संघाने त्याचं मोठं चित्र प्रदर्शनासाठी नाकारलं. कारण दिलं आकाराचं, खरी अडचण शैलीची. तो फ्रांत्स मार्क आणि म्युंटर यांच्यासह बाहेर पडला. थोड्याच दिवसांत, डिसेंबर 1911 मध्ये, त्यांनी ‘ब्लू रायडर’ म्हणजे ‘निळा घोडेस्वार’ या नावाने स्वतःचं प्रदर्शन भरवलं. कलेच्या इतिहासात ते आज अजरामर आहे. 1912 मध्ये त्यांनी याच नावाचं एक पुस्तकही काढलं. त्यात मोठमोठ्या चित्रकारांच्या चित्रांसोबत लोककला होती आणि लहान मुलांनी काढलेली चित्रंही होती! मुलांची चित्रं शिकाऊ नसतात, ती स्वतःच एक कला आहे, असं हे लोक शंभर वर्षांपूर्वी मानत होते. आपण मात्र अजूनही मुलाचा सूर्य हिरवा झाला की लाल पेनाने खूण करतो.

डिसेंबर 1911 मध्येच कांडिन्स्कीचं ‘कलेतील आध्यात्मिकतेविषयी’ हे छोटं पुस्तक आलं. वर्षभरात त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. रंगांचा मनावर कसा परिणाम होतो हे त्यात त्याने मांडलं. पिवळा त्याला तुतारीसारखा अंगावर येणारा वाटे. फिका निळा बासरीसारखा, गडद निळा चेलोसारखा. त्याचं हे म्हणणं सर्वांना पटेलच असं नाही. पण रंगाकडे इतक्या बारकाईने कान देऊन पाहणारा माणूस विरळा. त्या पुस्तकावर थिऑसफीचा प्रभाव होता. त्या काळी थिऑसफीच्या प्रमुख होत्या ॲनी बेझंट, ज्यांना आपण होमरूल चळवळीमुळे ओळखतो.

नोव्हेंबर 1913 मध्ये त्याने ‘कॉम्पोझिशन सात’ हे चित्र केलं. दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद. कॅनव्हासवरचं काम साधारण साडेतीन दिवसांत झालं आणि म्युंटरने रोज त्याचे फोटो काढून ठेवले. साडेतीन दिवस ऐकून मुलं म्हणतील, बघा, किती सोपं! तेव्हा त्यांना हेही सांगा की त्याआधी त्याने या एका चित्रासाठी तीसच्या आसपास कच्ची रेखाटनं आणि अभ्यासचित्रं केली होती. आज ते चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे.

जगातलं पहिलं अमूर्त चित्र कांडिन्स्कीचंच, असं बऱ्याच पुस्तकांत असतं. त्याबद्दल सावध राहिलेलं बरं. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट या चित्रकर्तीने 1906 पासूनच अशी चित्रं काढली होती, पण ती जगासमोर फार उशिरा आली. पहिला कोण यापेक्षा, कांडिन्स्कीने ही वाट जगासमोर उघडपणे मांडली आणि ती का घेतली हे शब्दांत समजावलं, हे जास्त महत्त्वाचं.

सगळं दोनदा गमावलं

1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. रशियन नागरिक असल्यामुळे त्याला जर्मनी सोडावी लागली. तो मॉस्कोला परतला. म्युंटरशी ताटातूट झाली. 1917 मध्ये त्याने नीनाशी लग्न केलं. त्याच वर्षी रशियन क्रांती झाली आणि मॉस्कोतली मालमत्ता गेली. वडिलांच्या पैशाचा आधार इथे संपला. त्यांना एक मुलगा झाला, तो तीन वर्षांचा व्हायच्या आत गेला. नव्या सरकारात कांडिन्स्कीने संग्रहालयांचं आणि कलाशिक्षणाचं काम केलं. पण त्याचे विचार नव्या पिढीच्या कलावंतांना जुनाट वाटले. 1921 च्या शेवटी तो परत जर्मनीला आला.

आता वय पंचावन्न, हातात फारसं काही नाही. तेव्हा त्याला 1922 मध्ये वायमार इथल्या ‘बाउहाउस’ या नव्या कलाशाळेत शिक्षकाची जागा मिळाली. एके काळी प्राध्यापकपद नाकारलेला माणूस शेवटी शिक्षकच झाला, पण स्वतःच्या विषयाचा! अकरा वर्षं त्याने तिथे शिकवलं. वर्गात तो प्रश्नावली वाटायचा. त्रिकोण, चौकोन, वर्तुळ काढलेलं असे आणि पिवळा, लाल, निळा यांपैकी कोणता रंग कोणत्या आकाराला शोभतो ते विचारलेलं असे. डेसाउ इथे शाळा गेल्यावर त्याच्या शेजारच्या घरात पाउल क्ले हा चित्रकार राहायचा. दोघं जुने मित्र. 1926 मध्ये त्याचं बिंदू, रेषा आणि प्रतल यांवरचं पुस्तक आलं. ते वर्गात शिकवता शिकवताच तयार झालेलं होतं.

1933 मध्ये नाझींच्या दबावामुळे बाउहाउस बंद झालं. पुन्हा सामान बांधायचं. साठी उलटलेला कांडिन्स्की पॅरिसजवळच्या नोयी इथे एका साध्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. 1937 मध्ये नाझींनी जर्मन संग्रहालयांतून त्याची पन्नासहून अधिक चित्रं जप्त केली आणि काही ‘अधोगत कला’ म्हणून हिणवण्यासाठी प्रदर्शनात टांगली. तो मात्र रंगवत राहिला. शेवटच्या चित्रांत सूक्ष्म जिवांसारखे छोटे आकार आनंदाने तरंगताना दिसतात. युद्धामुळे कॅनव्हास मिळेना तेव्हा त्याने लाकडी फळ्यांवर आणि पुठ्ठ्यांवर रंगवलं. 13 डिसेंबर 1944 रोजी तो गेला. अठ्ठ्याहत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर आला होता.

एक गोष्ट सांगायची राहिली. मुर्नाउच्या घरात म्युंटरने त्याची शेकडो चित्रं नाझींच्या काळात तळघरात लपवून ठेवली होती. ज्याने तिला सोडलं, त्याची चित्रं तिने जपली. 1957 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, तिने ती म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयाला देऊन टाकली.

आपला आणि त्याचा संबंध

कांडिन्स्की भारतात कधी आला नाही, पण त्याची चित्रं आली होती. डिसेंबर 1922 मध्ये कोलकात्यात बाउहाउसच्या कलावंतांचं प्रदर्शन भरलं. त्यात कांडिन्स्की आणि क्ले यांची चित्रं होती आणि शेजारी गगनेंद्रनाथ टागोर, नंदलाल बोस यांचीही.

दुसरा धागा थेट आपल्या महाराष्ट्रातला. अमेरिकेतलं गुगेनहाइम संग्रहालय ज्या चित्रांभोवती उभं राहिलं, त्यात कांडिन्स्कीची चित्रं मध्यवर्ती होती. त्याच संग्रहालयात 2014 मध्ये वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं. गायतोंडे नागपूरला जन्मलेले, गिरगावच्या चाळीत वाढलेले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. घरच्या विरोधाला न जुमानता चित्रकार झालेले.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

1. मुलांना एखादं वाद्यसंगीत ऐकवा. बासरी, तबला, सनई, काहीही. ऐकताना वस्तू न काढता फक्त रेषा आणि रंग काढायला सांगा. कोणाचं बरोबर, कोणाचं चूक असं ठरवू नका.
2. कांडिन्स्कीची प्रश्नावली वर्गात देऊन बघा. तीन आकार, तीन रंग. उत्तरांपेक्षा मुलं कारणं काय देतात ते ऐका.
3. पूर्ण झालेलं स्वतःचं चित्र उलटं आणि आडवं धरून पाहायला सांगा.
4. पालकांनी एवढंच करावं. मूल चित्र घेऊन आलं की ‘हे काय आहे?’ असं विचारण्याऐवजी ‘यातला तुला आवडलेला भाग कोणता?’ असं विचारावं.

शेवटी त्या इंटरमिजिएटच्या प्रश्नाकडे येतो. प्रत्येक मुलाने शिक्षण सोडून ब्रश हातात घ्यावा, असं मी म्हणत नाही आणि कांडिन्स्कीची गोष्टही तसं सांगत नाही. त्याने शिक्षण पूर्ण केलं, मनातला प्रश्न बरीच वर्षं जपला आणि निर्णय घेतल्यावर पहिलीच्या विद्यार्थ्यासारखा पुन्हा बाकावर बसला. आपल्या समोर बसलेल्या मुलाचा प्रश्न कोणता आहे, हे आपल्याला इतक्या लवकर कळणार नाही. तोवर त्याची रंगपेटी कपाटात कुलूपबंद होऊ नये, एवढं आपण नक्की बघू शकतो.

पुढच्या वेळी एखादे पालक वाढीव गुणांबद्दल विचारायला आले, तर गुण सांगाच. आणि जमलं तर त्या चहाच्या व्यापाऱ्याची गोष्टही सांगा.